अंगणातील बोलका खडक

वेळणेश्वराहून हेदवीच्या किनाऱ्यावर गेले म्हणजे बामणघळ नावाची एक अरुंद घळ लागते. भरतीचे पाणी तिच्यात शिरले की खडकाच्या पोटातून गंभीर नाद उठतो आणि पाण्याचा लोट उंच उसळतो. खडक बोलतो याचे नवल त्या बाजूच्या माणसांना वाटण्याचे कारण नाही. परंतु अलीकडे बाजारात जो बोलका खडक मिळू लागला आहे त्याची जात निराळी आहे. हा खडक फायबरग्लासचा किंवा तशाच एखाद्या ओतीव द्रव्याचा केलेला असतो. वरून रंग दगडाचा, अंगावर शेवाळाचे कृत्रिम डाग, आणि आत पोकळ पोटात बसविलेला एक ध्वनिक्षेपक. कोणाला खडक आवडत नसेल त्याच्यासाठी बेडूक आहे, अळंबी आहे, फुलझाडाची कुंडी आहे. अंगणात ठेवला की स्पीकर डोळ्यांना दिसत नाही, आणि भूपाळी मात्र जास्वंदीच्या बुडाशी उमटल्यासारखी ऐकू येते. शहरातून कोकणात घर बांधून राहिलेल्या किंवा सुटीपुरत्या येणाऱ्या हौशी कुटुंबाला ही कल्पना मोहक वाटावी यात आश्चर्य नाही.

मोह ओसरू लागतो तो पहिल्या आठवड्यानंतर. गाणे कोंदट वाटते. गायिकेचा तार स्वर चिरकतो, तबल्यातील डग्गा थुपथुपतो, आणि बातम्या लावल्या तर शब्दांऐवजी नुसता सूर कानी पडतो. घरातील वडीलधाऱ्या मनुष्याला आधीच कमी ऐकू येत असेल तर तो ओटीवरून उठून आत जाऊन बसतो. मग उपाय म्हणून आवाज वाढविला जातो. आवाज वाढला की दोषही वाढतो, आणि त्यात कुंपणापलीकडील शेजाऱ्याच्या नाराजीची भर पडते. शेवटी निर्णय असा होतो की वस्तू शोभेचीच होती, तिच्याकडून आवाजाची अपेक्षा करणे हीच चूक.

हा निर्णय घाईचा आहे. दोष बहुधा त्या वस्तूच्या रूपात नसतो. तो तिच्या पोटात असतो, किंवा तिला दिलेल्या जागेत असतो, आणि या दोन्ही ठिकाणचा बराचसा दोष सामान्य गृहस्थाला स्वतःच्या हाताने दूर करता येतो. ते कसे, हेच या भाषणात पाहावयाचे आहे.

प्रथम रूपाचा विचार करू जाता असे दिसते की ध्वनी देणाऱ्या वस्तूला शोभेचा आकार देण्याची रीत जुनीच आहे. ग्रामोफोनच्या जुन्या यंत्रांवरील कर्णा धोत्र्याच्या फुलासारखा उमललेला असे. दिवाणखान्याची शोभा त्याने वाढे हे खरे, परंतु त्याचा तो फुलासारखा पसरत जाणारा आकारच सुईच्या टोकावरील क्षीण कंपनाला खोलीभर पोहोचवीत असे. तेथे शोभा आणि काम ही दोन्ही एकाच रेषेने साधली होती. पुढे १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी, विजेच्या वेटोळ्याने हलणारा कागदी शंकू असलेला ध्वनिक्षेपक सिद्ध केला. १९२७ साली २३ जुलै रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्यानंतरच्या काळात घराघरांतील रेडिओमधून हाच शंकू लाकडी पेटीत बसून बोलू लागला. चौकोनी पेटी ही सुताराच्या सोयीची वस्तू होती. आवाजाला ती विशेष मानवते असे मात्र कोणी सिद्ध केले नव्हते.

ते उलट सिद्ध झाले. हॅरी ओल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एकच ध्वनिक्षेपक निरनिराळ्या बारा आकारांच्या पेट्यांत बसवून मोजमाप केले आणि त्याचा वृत्तांत १९५१ साली प्रसिद्ध केला. धारदार कडांच्या घनाकृती पेटीत आवाजाचे चढउतार पुष्कळ आढळले. गोलाकृती पेटीत ते सर्वांत कमी आढळले. कारण सोपे आहे. शंकूपासून निघालेली लहर पेटीच्या पृष्ठभागावरून पसरत जाते. वाटेत एकदम कड आली की तेथे ती फुटते, आणि त्या कडेपासून जणू दुसरा लहानसा आवाज निघून मूळ आवाजात मिसळतो. काही स्वर त्याने फुगतात, काही खचतात. कड गोलसर असेल तर हा घोटाळा कमी होतो. तेव्हा गोटीव खडकाचा आकार सुताराच्या चौकोनी पेटीपेक्षा तत्त्वतः वाईट नाही, उलट सरसच आहे. शिवाय खडकाच्या आतील बाजू समोरासमोर समांतर नसल्यामुळे चौकोनी खोलीत जसा घुमारा साठतो तसा तेथे साठत नाही.

आकार मनापासून वापरला तर काय होऊ शकते याचे उदाहरणही आहे. इंग्लंडातील बॉवर्स अँड विल्किन्स या कंपनीने १९९३ साली नॉटिलस नावाचा ध्वनिक्षेपक बाजारात आणला. तो पाहणाऱ्याला प्रचंड शंखच वाटतो. परंतु त्याची ती वेटोळी नळी हौसेखातर केलेली नाही. शंकू जितका आवाज पुढे फेकतो तितकाच मागेही फेकतो. मागचा आवाज परत येऊन पुढच्याला बिघडवू नये म्हणून तो निमुळत्या होत जाणाऱ्या लांब नळीत सोडून तेथेच जिरवावयाचा, आणि नळी फार लांब होते म्हणून तिला वेटोळे घालावयाचे, असा तो विचार आहे. देवळातील शंख फुंकणाऱ्याच्या ओठांतला नाद मोठा करून बाहेर सोडतो. हा शंख नको असलेला नाद आत नेऊन गिळून टाकतो.

येथेच सगळ्या विषयाची किल्ली आहे. मिरजेचे कारागीर तंबोरा आणि सतार करतात, तेव्हा मंगळवेढे, पंढरपूर या बाजूच्या भोपळ्यांची निवड ते मोठ्या कसोशीने करतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या भोपळ्याने तारेबरोबर गुंजले पाहिजे, कारण तो वाद्याचा भाग आहे. ध्वनिक्षेपक हे वाद्य नव्हे. तो दुसऱ्याच्या वाद्याचा निरोप्या आहे, आणि निरोप्याने आपल्या पदरचे शब्द घालावयाचे नसतात. म्हणून वाद्याचे पोट बोलले पाहिजे आणि ध्वनिक्षेपकाच्या पोटाने मौन पाळले पाहिजे. शोभेच्या खडकाचा कारखानदार बाहेरील दगडाचा रंग हुबेहूब साधतो आणि भिंत मात्र पातळ ठेवतो. ती पातळ भिंत प्रत्येक स्वराबरोबर थरथरते आणि आपला एकच ठरावीक सूर सर्व रागांत मिसळते. कोंदटपणा म्हणतात तो हाच.

याची परीक्षा करण्यास यंत्र लागत नाही. फणस पिकला की नाही हे कोकणातील मनुष्य टिचकी मारून ओळखतो, मडके विकत घेणारी गृहिणीही ते वाजवून घेते. खडकाच्या पाठीवर, बाजूंवर आणि बुडावर बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. येथे मात्र मडक्याच्या उलट न्याय आहे. मडके खणखणले तर चांगले. खडक खणखणला किंवा पोकळ ढबढबला तर वाईट. ठोक्याचा आवाज जागच्या जागी मेला पाहिजे. त्याचबरोबर खडक उचलून पाहावा. सारख्या आकाराच्या दोहोंपैकी जो जड तो बहुधा घेण्यालायक.

आधीच घेतलेला खडक ढबढबत असेल तर त्याचे बूड उघडून आतील भिंतीला डांबरी चादरीचे तुकडे चिकटवावे. गच्चीवर पाणी गळू नये म्हणून जी चिकट डांबरी चादर घालतात तिचेच तुकडे पुरतात. सबंध भिंत मढविण्याची गरज नाही. रुंद, सपाट भागांच्या मध्यावर, जेथे थरथर अधिक असते तेथे, दोन थर दिले तरी फरक कळतो. मग पोकळीत उशीत घालतात तो कृत्रिम तंतूंचा पिंजलेला भरणा सैलसर भरावा. कापूस वापरू नये, कारण कोकणच्या दमट हवेत तो ओल धरतो आणि कुजतो. खडकाला मुद्दाम हवेचे भोक ठेवलेले असेल तर त्याच्या आतील तोंडाशी भरणा येऊ देऊ नये.

दुसरा दोष गळतीचा. शंकूच्या मागचा आवाज फटीतून निसटून पुढच्या आवाजाला मिळाला की मंद्र सप्तकातील स्वर परस्परांना खाऊन टाकतात, आणि डग्ग्यातील जीव जातो. खर्जाचे गाणे लावून बुडाच्या सांध्याभोवती, तारेच्या भोकाशी आणि स्क्रूंजवळ पेटती उदबत्ती फिरवावी. धूर जेथे स्वराबरोबर दचकतो तेथे फट आहे. अशा फटी सिलिकोनच्या लांबीने बुजवाव्या. भिजलेले पाणी बाहेर जाण्यासाठी किंवा स्वरासाठी ठेवलेले भोक आणि चुकून राहिलेली फट यांतील भेद आधी ओळखावा, नाही तर औषधानेच रोग व्हावयाचा.

आता अपेक्षेची मर्यादा सांगितली पाहिजे. हाताच्या पंजाएवढ्या शंकूकडून देवळातील नगाऱ्याची अपेक्षा करू नये. स्वर एक सप्तक खाली गेला आणि आवाज तितकाच हवा असेल, तर शंकूला चौपट लांब हेलकावा घ्यावा लागतो. दोन सप्तके खाली गेल्यास सोळापट. लहान शंकूला ते अशक्य असते. तो ताणला जातो आणि त्याच क्षणी वरचे स्वरही फाटतात. घरोघरी होते असे की आवाज पातळ वाटला म्हणजे खर्जाचे बटण पुरते फिरवितात. १० डेसिबल वाढविणे म्हणजे विजेची शक्ती दसपट मागणे, हे त्या वेळी ध्यानात नसते. याच्या उलट करून पाहावे. यंत्रात सोय असेल तर सुमारे ८० ते १०० कंपनसंख्येखालील स्वर काढून टाकावे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वरही साधारण याच्या वरच असतो, तेव्हा बोलण्यातून फारसे काही जात नाही, आणि शंकूवरील ओझे उतरल्यामुळे उरलेले सर्व स्वच्छ होते. खोल खर्जाची हौसच असेल तर त्यासाठी निराळा मोठा ध्वनिक्षेपक घ्यावा लागतो. बेडकाला फुगवून बैल होत नाही.

पोटाची व्यवस्था झाली म्हणजे जागेचा प्रश्न येतो, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. खोलीत ऐकू येणाऱ्या आवाजाचा मोठा वाटा भिंती, छप्पर आणि जमीन यांवरून परतून आलेला असतो. अंगणाला छप्पर नाही. आवाज एकदा निघाला की तो गेलाच. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलांनी घटतो, असा नियम आहे. त्यातही मंद्र स्वर चारी दिशांना पसरतात म्हणून त्यांची वाण अधिक भासते, आणि तार स्वर सरळ रेषेत जातात म्हणून वाटेत आलेल्या वस्तूंनी ते अडतात.

वेळणेश्वराचे एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. पुढे ओटी, मग सारवलेले किंवा फरशीचे अंगण, मध्यभागी तुळशीवृंदावन, कडेला जांभ्या दगडाचा गडगा, त्यापलीकडे माडांची वाडी आणि तिच्या टोकाशी समुद्र. खडक म्हटला की तो झाडीत, कर्दळीच्या पानांआड ठेवावा असे मनात येते, कारण तेथे तो खरा वाटतो. आवाजाच्या दृष्टीने ही जागा सर्वांत वाईट. स, श, ट, क ही व्यंजने ज्या तार स्वरांनी ओळखू येतात त्यांच्या लहरींची लांबी चार बोटे ते वीतभर असते. पानांचा दाट पडदा समोर आला की ती व्यंजने विखुरतात आणि श्रोत्यापर्यंत नुसते स्वर पोहोचतात. बातम्या कळत नाहीत त्या यामुळे. झाडे खडकाच्या पाठीशी असावी, तोंडापुढे नसावी.

मंद्र स्वरांचे गणित निराळे आहे. १०० कंपनांच्या स्वराची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते. तिला वळविण्यास पाने असमर्थ आहेत, परंतु जड भिंत समर्थ आहे. खडक जमिनीवर असला की खाली जाणारा आवाज वर परततो. तोच खडक गडग्याला किंवा ओटीच्या जोत्याला चिकटवून ठेवला की मागे जाणारा आवाजही पुढे येतो. अशा प्रत्येक आधाराने खर्जात ६ डेसिबलांपर्यंत भर पडू शकते, आणि ती फुकटची असते. मात्र चिकटवून म्हणजे वीतभराच्या आतच. भिंतीपासून मीटरभर पुढे ठेवला, तर भिंतीवरून परतलेली लहर ८७ कंपनांच्या आसपास मूळ लहरीच्या नेमकी उलटी पडते आणि भरीऐवजी तूट येते. कोपऱ्यात ठेवल्यास भर आणखी पडते. तेथे कधी कधी ती अति होऊन डग्गा घुमू लागतो. मग खडक कोपऱ्यातून थोडा थोडा सरकवीत नेऊन योग्य जागा कानाने शोधावी.

तोंडाची दिशा ही तिसरी गोष्ट. पुष्कळ खडकांचा शंकू जमिनीलगत असतो आणि समोर बघत असतो. अंगणात माणसे खुर्चीवर बसली असतील तर तार स्वर त्यांच्या गुडघ्यांना ऐकू येतात. पुढच्या बाजूखाली एक चपटा चिरा सरकवून खडक किंचित मागे कलता करावा, म्हणजे त्याचे तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे होते. आभाळाकडे तोंड करून मात्र ठेवू नये. त्याने आवाज वाया जातो, आणि जाळीवर पाऊस, पाचोळा व लाल माती साठते.

यानंतर सर्वांत मोठा लाभ देणारी युक्ती येते. एका मोठ्या आवाजापेक्षा चार लहान आवाज बरे. ढोबळ हिशेब असा. अंगणाच्या एका टोकाला एकच खडक आहे आणि सर्वांत दूरचा श्रोता ८ मीटरांवर बसला आहे. त्याला ६६ डेसिबल, म्हणजे संभाषणापेक्षा थोडा वर, आवाज हवा असेल, तर खडकापासून १ मीटरवर ८४ डेसिबल सोडावे लागतात. २ मीटरांवर बसलेल्याला ७८ डेसिबल सोसावे लागतात, आणि १६ मीटरांवरील कुंपणाशी ६० पोहोचतात. याऐवजी चार खडक बसणाऱ्यांच्या भोवती ठेवले, प्रत्येक जण कोणत्या तरी खडकापासून सुमारे २ मीटरांवर आला, तर प्रत्येक खडकाने १ मीटरवर ७२ डेसिबल दिले की काम भागते. १६ मीटरांवर प्रत्येकाचे ४८ उरतात आणि चौघांचे मिळून सुमारे ५४. ऐकणाऱ्याला हवे तेवढे मिळाले, जवळच्याचे कान वाचले, आणि कुंपणापलीकडे ६ डेसिबल कमी गेले.

चार खडक मांडताना एक पथ्य पाळावे. आवाज सेकंदाला सुमारे ३४८ मीटर धावतो. एका श्रोत्याला दोन खडकांचा आवाज सारख्याच जोराने ऐकू येत असेल आणि त्या दोहोंच्या अंतरांत १७ मीटरांहून अधिक फरक असेल, तर दुसरा शब्द एक विसांश सेकंदाने मागून येतो आणि बोलणे दुहेरी होते. जत्रेत कर्ण्यांची रांग लावली म्हणजे हा अनुभव येतोच. घरच्या अंगणात खडक एकमेकांजवळ असल्याने हा प्रसंग सहसा येत नाही, परंतु वाडीच्या दुसऱ्या टोकाला हौसेने ठेवलेला एकटा खडक तो आणू शकतो.

डाव्या आणि उजव्या आवाजाचा स्टीरिओही अंगणात फारसा कामाचा नाही. त्यासाठी श्रोत्याने दोन ध्वनिक्षेपकांच्या मधोमध बसावयास हवे, आणि अंगणात मनुष्य एका जागी बसत नाही. परिणामी कोणाला नुसती सतार आणि कोणाला नुसता तबला मिळतो. दोन्ही बाजू एकत्र करणारी सोय यंत्रात असते. ती वापरून प्रत्येक खडकाला सगळे गाणे द्यावे.

तारेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण चांगल्या खडकाचा आवाज बारीक तारेत मरतो. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेने २० मीटरांवरील खडकाला जोडले, तर जाऊन येऊन ४० मीटरांच्या तारेत सुमारे ०.७ ओहमचा विरोध पडतो. खडक ८ ओहमचा असल्यास सुमारे बारावा हिस्सा तारेतच जातो. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली की हा विरोध ०.३ ओहमच्या खाली येतो. अनेक खडक आणि लांबची अंतरे असतील तर शाळांत व स्थानकांत वापरतात ती १०० व्होल्टची पद्धत सोयीची, मात्र तिला त्यासाठी केलेले यंत्र व खडक लागतात, आणि तिची जोडणी जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावी. कोणत्याही पद्धतीत आवाज वाढविणारे यंत्र घरातच ठेवावे. २३० व्होल्टची वीज ओल्या अंगणात नेण्याचे धाडस गाण्यासाठी करू नये. बिनतारी ब्लूटूथच्या खडकाला ही यातायात नाही, परंतु त्याचा पल्ला साधारण १० मीटरांचा असतो, आणि ओली पाने व मधे बसलेली माणसे यांनी तो आणखी आखडतो. गाणे तुटत असेल तर खडकाला दोष देण्याआधी फोन ओटीच्या कठड्यावर आणून पाहावा.

कोकणच्या किनाऱ्यावरील खरा शत्रू खारी हवा होय. तांब्याच्या उघड्या टोकांवर हिरवे जंगाल चढते आणि आवाज खरखरू लागतो. जोड डाग देऊन पक्के करावे आणि त्यांवर व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. लोखंडी स्क्रू काढून गंज न चढणारे पोलादी बसवावे. हवेच्या भोकात कुंभारीण माशी मातीचे घर करते, म्हणून तेथे बारीक जाळी लावावी. मिठाचा थर पुसण्यासाठी आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याचे ओले फडके पुरे. खडकाचा रंग उडाला म्हणून नवा रंग देताना जाळी कागदाने झाकून घ्यावी. जाळीची भोके रंगाने बुजली की तार स्वर कायमचे दबतात, आणि घरमालक नव्या रंगाकडे पाहत त्याचे कारण शोधीत बसतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत खडक काढून माळ्यावर कोरड्या जागी ठेवावा आणि कोजागिरीच्या सुमारास बाहेर आणावा. तो पाऊस सोसेल असे डब्यावर लिहिलेले असते, परंतु कोकणातला पाऊस डब्यावरचे वाचून पडत नाही.

एवढे सर्व केल्यावर एक कर्तव्य उरते. आवाज कुंपण जाणत नाही. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खासगी जागेच्या हद्दीवर घरच्या यंत्राचा आवाज या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलांहून अधिक वर जाता कामा नये. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. त्या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविण्यास मनाई आहे. मघाच्या हिशेबातील एकटा खडक दिवसाच्या मर्यादेला नेमका टेकला होता. चार खडकांची मांडणी तिच्या बरीच आत राहते.

कायद्याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट समुद्रकाठी राहणाऱ्याने ध्यानात ठेवावी. दुपारी वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहतो आणि वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज खाली वाकून दूरवर पोहोचतो. म्हणून तिसऱ्या प्रहरी लावलेले गाणे किनाऱ्यावर विरते आणि आतल्या वस्तीत ऐकू जाते. रात्री वारा पडला आणि आभाळ निरभ्र असले, तर जमिनीलगतची हवा आधी गार होते. वरच्या उबदार थराकडे निघालेला आवाज पुन्हा खाली वळतो. बटण कोणी हलविलेले नसते, तरी संध्याकाळी न ऐकू आलेले गाणे नऊ वाजता तिसऱ्या घरापर्यंत जाते. तेथे कोणी आजारी असेल, कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असेल. म्हणून दिवेलागणीनंतर आवाज आपण होऊन एक पायरी उतरवावा.

शेवटी मापनाचे यंत्र नसलेल्या घरासाठी एक साधी कसोटी सांगता येईल. गाणे बाजूस ठेवून बातम्या लावाव्या, कारण कान गाण्यातील दोष मायेने झाकतो, बोलण्यातील झाकीत नाही. घरातील ज्या मनुष्याला कमी ऐकू येते त्याला त्याच्या नेहमीच्या जागी बसवावे आणि तोच न्यायाधीश मानावा. त्याला शब्द कळत नसतील तर आवाज न वाढविता खडक त्याच्याकडे दोन पावले सरकवावा, त्याचे तोंड वर करावे, पुढचे पान बाजूला करावे. त्याला शब्द कळू लागले, आणि शेजारी बसलेल्याला त्याच्याशी बोलताना स्वर चढवावा लागला नाही, म्हणजे अंगणातील काम झाले. मग घरातील एकाने कुंपणाशी जाऊन उभे राहावे. तेथे बातम्यांहून समुद्राची गाज अधिक ऐकू आली पाहिजे. तशी ती ऐकू आली की बटणाच्या त्या जागेवर एक खूण करून ठेवावी, आणि पाहुणे आले तरी ती खूण ओलांडू नये.